जुन्या डर्ट बाईकचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय? असं शोधा कारण

पेट्रोल कॉक उघडला की मिनिटभरात कार्बोरेटरखालच्या नळीतून टपटप सुरू, किंवा किक मारून मारून पाय गेला आणि प्लग काढून बघितला तर पेट्रोलने चिंब. बऱ्याचदा दोन्हीचं मूळ एकच असतं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येतंय पण थांबत नाहीये. लोक लगेच नवीन कार्बोरेटर बघायला लागतात, प्लीज तसं करू नका, जुना कार्ब बहुतेक वेळा वाचतो.

सगळ्यात आधी कॉक बंद करा आणि किक मारणं थांबवा. हे मी मनापासून सांगतोय कारण नुकसान इथंच होतं. पिस्टनच्या वर पेट्रोल साचलं असेल तर द्रव काही दाबला जात नाही आणि जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल बघा, लेव्हल वाढलीय किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येतोय तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचंच नाही, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. टू-स्ट्रोकला क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत, पेट्रोल साचतं. प्लग काढा, किल स्विच दाबून ठेवा, प्लग कॅप भोकापासून लांब धरा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि हळूहळू आठ-दहा किक मारा, आतलं बाहेर उडेल. हे सगळं उघड्यावर, इंजिन गार असताना, आणि आसपास विडी-सिगरेट किंवा कसलीही ज्योत नको.

आता आत काय चालतं ते दोन ओळीत. घरावरच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो ना, पाणी भरलं की वर येऊन नळ बंद करतो, तसंच इथं. फ्लोट वर आला की त्याची छोटी पत्र्याची जीभ नीडलला (टोकदार छोटी सुई) ढकलते आणि नीडल सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकाच्या कडेवर, बसून पेट्रोल बंद करते. कुठंतरी ही साखळी तुटलीय, एवढंच शोधायचंय.

उघडायच्या आधी एक फुकटचा उपाय करून बघा. कॉक उघडा, बाऊलचा (कार्बोरेटरखालची पेट्रोल साठणारी वाटी) ड्रेन स्क्रू सैल करून खाली डबा धरा आणि काही सेकंद पेट्रोल वाहू द्या, मग स्क्रू घट्ट करून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बाऊलवर हलकेच टकटक करा. नीडलखाली कचऱ्याचा कण अडकला असेल तर गळती जागेवर थांबते. थांबली तर खूश व्हा पण कचरा टाकीतून आलाय हे लक्षात ठेवा, जुन्या टाकीला आतून गंज असतो आणि तो परत येणार.

नाही थांबली तर कॉक बंद करून कार्ब खाली उतरवा. जपानी कार्ब असेल तर त्याचे स्क्रू साध्या फुलीच्या ड्रायव्हरला नीट बसत नाहीत, डोकी खराब होतात, जेआयएस, म्हणजे जपानी मापाचा, ड्रायव्हर मिळवा. फ्लोटची पिन काढताना फार जपा, बऱ्याच कार्बमध्ये ती एका बाजूला घट्ट असते आणि उलट बाजूने ठोकली तर पिन धरणारा कान तुटतो, आणि कान तुटला की खरंच कार्बोरेटर गेला.

नीडलचं टोक उजेडात धरून बघा, गोल रिंगसारखा खड्डा पडलेला दिसला तर नीडल बदला. सीट कापसाच्या काडीने साफ करा, तार किंवा पॉलिश पेपर अजिबात घालू नका. सीट सुटी निघणारी असेल तर तिच्या बाहेरची ओ-रिंग (गोल रबरी रिंग) नक्की बदला, ती कडक झाली की नीडल कितीही नवीन टाका, पेट्रोल बाजूने येतच राहतं. फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर त्याला भोक आहे. पितळी पोकळ फ्लोट असेल तर पुसून कोरडा करा आणि शेगडीपासून लांब गरम पाण्यात बुडवा, भोकातून बुडबुडे येतात.

आणि आता ती जागा जी मी स्वतः चुकवली होती. मी दोनदा नीडल बदलली, फ्लोट बदलला, तरी गळती तशीच. शेवटी बाऊलच्या मधोमध उभी असलेली पितळी ओव्हरफ्लो नळी भिंगाने बघितली तर तिला केसाएवढी चीर. बाऊल वेगळा असतानाच नळीच्या टोकाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा, कागदावर थोडा वेळ ठेवा, नळीचं खालचं तोंड ओलं झालं तर चोर सापडला. नळीला डाग (सोल्डरिंग) देता येतो नाहीतर बाऊल बदलायचा. ही टेस्ट मी आता सगळ्यात आधी करतो.

फ्लोट हाईट शेवटी. कार्ब तिरका धरून जीभ नीडलच्या स्प्रिंगवाल्या पिनला नुसती टेकली पाहिजे, पिन दबता कामा नये, तेव्हा गॅस्केटच्या पृष्ठभागापासून (जिथं बाऊल बसतो) फ्लोटच्या टोकापर्यंत मोजायचं. आकडा तुमच्या बाईकच्या मॅन्युअलचाच घ्या, अंदाज नको, कारण केहिन कंपनीच्या पीडब्ल्यूके मॉडेलच्या कार्बला साधारण 16 मिमी लागतात आणि त्याच कंपनीच्या एफसीआरला 8 च्या आसपास. हे अंतर वाढलं की पेट्रोलची पातळी कमी होते, उलटं वाटतं पण तसंच आहे. जीभ वाकवायची ती अगदी किंचित.

बाऊल लावायच्या आधी कार्ब उलटा धरा आणि पेट्रोलच्या नळीत स्वच्छ पाईप लावून तोंडाने हलकेच फुंका, हवा जाता कामा नये. मग जोडा, लाईनला नवीन फिल्टर टाका, कॉक उघडा आणि खाली कोरडा कागद ठेवून 15-20 मिनिटं नुसतं बघत बसा. कागद कोरडा राहिला पण प्लग तरी काळा ओला येतोय तर फ्लोटचा नाद सोडा आणि चोकचा प्लंजर पूर्ण खाली बसतोय का ते बघा.