पहिली एबीसीडी आणि दुसरी एबीसीडी: लहान मुलांना दोन्ही ओळखायला कसं शिकवायचं

मी नाशिकला सिडकोत घरीच बालवाडी घेते, साडेतीन ते सहा वर्षांची मुलं असतात. दर जूनमध्ये कोणीतरी आई सांगतेच की ताई, याला एबीसीडी पूर्ण येते, आणि मूल खरंच एका दमात झेडपर्यंत म्हणून दाखवतं. मग मी पुस्तकातल्या स्मॉल जीवर बोट ठेवते तर ते म्हणतं "नऊ". आता यात त्याची काय चूक, दिसतोच तो इंग्रजी नऊसारखा. पाठ म्हणता येणं वेगळं आणि अक्षर बघून ओळखणं वेगळं, एवढं आधी आपल्याला कळलं पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या मुलांना मुळात हाच प्रश्न पडतो की एकाच अक्षराची दोन रूपं कशाला? आपला क दुकानाच्या पाटीवर पण क, गोष्टीत पण क, नावाच्या सुरुवातीला पण तोच क. मराठीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नाही ना. त्यामुळे "ही पहिली एबीसीडी, ही दुसरी एबीसीडी" असं सांगून दोन वेगळे तक्ते पाठ करून घेतले की मुलाला वाटतं ही ५२ वेगवेगळी अक्षरं आहेत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं, तेव्हा हे पटकन समजायचं, पण २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे आणि बालवाडीत तर त्याच्याही आधी, म्हणून हे नीट सांगावं लागतं. मी सांगते की हे आई अक्षर आणि हे तिचं बाळ, दोघांचं आडनाव एकच, आवाज एकच. आई नावाच्या आणि वाक्याच्या सुरुवातीला उभी राहते, बाकी सगळीकडे बाळंच बाळं. चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

सुरुवात ए पासून करू नका, मुलाच्या नावापासून करा. कार्डावर त्याचं नाव लिहा, पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकी स्मॉल. खूप घरात नाव पूर्ण कॅपिटलमध्ये शिकवतात आणि मग शाळेत ते मोडायला वेळ जातो. ते कार्ड डब्यावर, चपलांच्या जागेवर, पलंगाशी चिकटवून टाका, रोज दिसलं पाहिजे.

नाव ओळखीचं झालं की सोप्या जोड्या घ्या. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड ही सात अक्षरं नुसती लहान होतात, आकार तोच. के, पी, यू मध्ये किरकोळ फरक. म्हणजे दहा जोड्या जवळजवळ फुकटात मिळतात आणि मुलाला वाटतं अरे मला येतंय, हे वाटणं फार महत्त्वाचं आहे. खरा वेळ द्यायचा तो ए, डी, ई, जी, क्यू, आर यांना, कारण इथे आई आणि बाळ अजिबात सारखे दिसत नाहीत. आठवड्याला दोन जोड्या, जास्त नको.

काही युक्त्या मला खूप कामाला आल्या. पाटीवर कॅपिटल बी काढा आणि त्याचं वरचं पोट बोटाने पुसायला सांगा, स्मॉल बी तयार. कॅपिटल एचची उजवीकडची वरची काठी पुसली आणि आडवी रेघ जरा वाकवली की स्मॉल एच. मुलांना हे पुसायला जाम आवडतं. ताटात रवा पसरून त्यात बोटाने काढायला द्या, पोळ्या करताना कणकेचा गोळा हातात द्या म्हणजे वळवून अक्षर करतात.

स्मॉल बी आणि स्मॉल डी मात्र एका आठवड्यात कधीच घेऊ नका, ही कळकळीची विनंती. मुलाने आतापर्यंत शिकलेलं असतं की कप उलटा ठेवा, आडवा ठेवा, कान डावीकडे करा, तो कपच असतो. आणि इथे अचानक पोट उजवीकडे असलं तर बी, डावीकडे असलं तर डी. गोंधळ होणारच. बी पक्का होऊ द्या, मग दोन-तीन आठवड्यांनी डी. पहिली-दुसरीपर्यंत मुलं उलटं लिहितात, त्यावरून रागावू नका, पण त्यानंतरही खूप अडखळत असेल तर बाईंशी नक्की बोला.

बाहेर पडलं की सराव आपोआप होतो. गाडीच्या नंबर प्लेटवर एमएच १५ असतंच, कॉलेज रोडच्या सिग्नलला थांबलात की एम शोध, एच शोध. नोटा तर आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापतात, दहाची नोट हातात द्या आणि त्यावरची इंग्रजी अक्षरं शोधायला लावा. पण प्लेटवर सगळी कॅपिटलच असतात आणि बाहेरच्या पाट्यांवरही बऱ्याचदा तीच, म्हणून स्मॉलसाठी घरी गोष्टीचं पुस्तक हवंच.

पुस्तक निवडताना एक बघा. बऱ्याच छापील पुस्तकांत स्मॉल ए च्या डोक्यावर वाकडी शेंडी असते, आपण हाताने काढतो तो नुसता गोल आणि काठी. मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. मोबाईलवर तर कॅपिटल आय आणि स्मॉल एल बऱ्याचदा सारखीच उभी काठी दिसतात. सुरुवातीला हाताने काढतो तशीच अक्षरं असलेलं पुस्तक घ्या, मग दुसरं रूप दाखवा.

लिहिण्याची घाई नको, ओळख झाल्यावरच चार रेघी वही. आपली मराठी अक्षरं वरच्या रेघेला लटकतात आणि इंग्रजी खालच्या रेघेवर बसतात, हे मुलाला बोट ठेवून दाखवा. मग सांगा की बी, डी, एफ, एच, के, एल, टी ही सात बाळं वरच्या मजल्यावर चढतात, जी, जे, पी, क्यू, वाय ही पाच तळघरात पाय सोडतात आणि उरलेली चौदा मधल्या घरातच राहतात. जीला नऊ म्हणणाऱ्या मुलाला मी हेच दाखवते, नऊ रेघेवर उभा राहतो आणि जीचा पाय खाली लोंबतो.