गोवा सोडताना फ्लाय-रॉडची अवजारं कुणाला आणि कशी द्यावीत

बिऱ्हाड हलवायचं ठरलं की सल्ले फुकट मिळतात. एक जण म्हणतो, "सगळं घेऊन जा, तिकडे कुठे मिळायचंय?" दुसरा म्हणतो, "फोटो काढून ऑनलाइन टाक आणि मोकळा हो." बांबू चिरून, सहा पट्ट्या तासून, चिकटवून फ्लाय-रॉड, म्हणजे मासे धरायची काठी, करायची वेळ दोघांवरही कधी आलेली नसते. माझी नोकरी बदलीची. शिवाय गोवा सोडून गेलेल्या मित्रांच्या खोल्याही मीच आवरून दिल्यात. कपाटं-भांडी कशी बांधायची ते तुमचं तुम्ही बघा. मी फक्त अवजारांचं आणि त्या अवजारांपायी जोडल्या गेलेल्या माणसांचं सांगतो.

हे सगळं मिरग लागायच्या आत उरका. जूनमध्ये पेटी रात्रभर उघडी राहिली तर सकाळी पोलादावर तांबूस थर असतो, आणि मग तुम्ही मित्राला अवजार नव्हे, गंज देता.

सोबत न्यायचं ते एका पिशवीत मावलं पाहिजे. हाताला बसलेला छोटा रंधा, त्याची पाती, निसणा, ६० अंशांचा गेज आणि टेपरची वही, म्हणजे काठी टोकाकडे कशी निमुळती करायची त्याची मापं. बस. बाकी सगळं इथेच राहणार हे आधी मनाशी पक्कं करा. "हे बघू नंतर" असा ढीग केलात की तो ढीग टेम्पोत चढतो.

व्हार्निश, थिनर, इपॉक्सी शेजारच्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, देऊन टाका. रेल्वेत ज्वलनशील माल नेता येत नाही आणि उघडलेला डबा तसाही किती दिवस टिकणार? व्हार्निशमध्ये काठी बुडवायची नळी माणसापेक्षा उंच असते, तीही राहू द्या. अर्धवट चिकटवलेली काठी मात्र कुणालाही देऊ नका. ती पूर्ण करा, नाहीतर चुलीत घाला. दुसऱ्याची अर्धी काठी कुणी पूर्ण केलेली मी पाहिलेली नाही. ती खुंटीला टांगली जाते आणि घेणाऱ्याच्या डोक्याला उगीच ओझं होतं.

या काठ्यांना लागणाऱ्या टोंकिन बांबूबद्दल लोक फार हळवे होतात. तो चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून येतो आणि मागवायला महाग पडतो, हे खरंच आहे. कोरडा राहिला तर वर्षानुवर्षं टिकतो हेही खरं. १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली तेव्हा तिथल्या कारागिरांनी जुन्या साठ्यावर काम चालवलं होतं. पण तुमच्या माळ्यावर आपला पावसाळा येतो. १२ फुटी बांबू टेम्पोवर आडवा बांधून घाट चढवण्यापेक्षा तपासा, भोकं पडून पिठासारखी भुकटी गळत असेल तर जाळा, चांगला असेल तर जो आत्ता काठी करतोय त्याला द्या. नव्याने शिकणाऱ्याला टोंकिन देऊ नका. त्याला माणगा आणून द्या, परसात मिळतो, भरीव असतो, आणि वाया गेला तर कुणाचा जीव तुटत नाही.

साचा

इथे सगळे अडकतात, मीही अडकत असे. दोन लांब पोलादी पट्ट्या शेजारी शेजारी, मधे बांबूची पट्टी बसवून तासायला ६० अंशांची खाच, आणि दर ५ इंचांवर त्या जवळ ओढणारे आणि दूर ढकलणारे बोल्ट. भंगारवाल्याच्या लेखी ते दहा-बारा किलो लोखंड आहे. पण आपल्या मंडळींत तो एकट्याकडेच असतो, बाकीचे तुमच्या घरी येऊन तासतात. त्यामुळे साचा कुणाकडे जाणार, हा प्रश्न खरं तर पुढे सगळे कुणाच्या घरी जमणार असा असतो.

म्हणून पहिली गोष्ट: गोवा सोडतोय हे जाहीर करण्याआधी साच्याचं ठरवून टाका. आधी बातमी फोडलीत तर त्याच संध्याकाळी कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणणार, "तो साचो म्हाका दवर हां," म्हणजे तो साचा माझ्यासाठी ठेव. तुम्ही भिडेखातर हसणार, आणि ते हसणं त्याच्या हिशेबात होकार म्हणून जमा होणार.

कुणाला द्यायचा? सगळ्यात जवळच्या मित्राला देऊ नका. त्याला तुम्ही केलेली एक काठी द्या, तो जास्त खूश होईल. साचा जो वापरील त्याला. ओळखायची माझी एकच रीत आहे: त्याने तासलेली एखादी पट्टी सहज म्हणून मागून घ्या आणि व्हर्नियर लावा. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंनी उंची मोजायची, तीही दोन-तीन ठिकाणी. तिन्ही मापांत दोन थाऊंपेक्षा, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशांपेक्षा, जास्त फरक नसेल आणि सालीला रंधा लागलेला नसेल, तर माणूस सापडला. गप्पांत तो कितीही मागे राहत असला तरी. बोलण्यात पट्टीचे असलेले मी पुष्कळ बघितले आहेत, त्यांच्या पट्ट्या मात्र एकीकडे झुकलेल्या असतात.

ठरलं की बाकीच्यांना तुम्ही स्वतः, एकेकाला भेटून सांगा, साचा घरातून हलायच्या आत. एक वाक्य पुरे: "साचा अमक्याला दिलाय." कारणं देऊ नका. कारण दिलं की वाद घालायला जागा होते. आणि ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळली तर मात्र तुम्ही गेल्यावर ती माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

पैशांचं स्पष्ट बोला. फुकट दिलेलं अवजार कॉटखाली जातं. पूर्ण किंमत घेतलीत तर मित्र उरत नाही, गिऱ्हाईक उरतं. मी साधारण निम्मे घेतो, त्याच दिवशी, रोख. "पगार झाला की देतो" याला हो म्हणू नका. त्यापेक्षा आकडा कमी करा. अपवाद एकच, शिकणारं पोर असेल तर पैसे घेऊ नका. आणि काही झालं तरी "सध्या तुझ्याकडे ठेव" म्हणू नका. त्याने तो हक्काने घासायचा की जपायचा, हे त्याला कधीच कळत नाही. "हा आता तुझा" एवढं म्हणा आणि तसंच वागा.

मग देण्याचा दिवस. नुसता उचलून देऊ नका; त्याला सकाळी बोलवा, तुमच्याच टेबलावर एक पट्टी तासू द्या. त्याने आजवर साचा वापरलाय, लावलेला नाही. खाच तुम्ही लावून ठेवत होता. आता खाचेची खोली मोजायचा डेप्थ गेज त्याच्या हातात द्या. आधी सपाट पृष्ठावर ठेवून शून्य करायला लावा. पट्टीची उंची तयार काठीच्या जाडीच्या निम्मी, म्हणजे २०० थाऊंची काठी हवी तर खाच १०० थाऊ, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. मग त्याला बोल्ट फिरवू द्या आणि तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. तो एक टप्पा बरोब्बर लावील, पुढच्यावर जाईल, आणि समजेल की झालं. तेव्हा म्हणा, "आता मागचा परत मोज." मागचा हललेला असतो, कारण एक बोल्ट आवळला की शेजारची खाचही सरकते. सगळी लांबी दोन-तीनदा फिरून आल्याशिवाय साचा लागत नाही, हे सांगून पटत नाही, काटा हललेला दिसला की पटतं.

दुसरी ताकीद रंध्याची. तुमचा रंधा तुमच्याबरोबर चाललाय. तो हार्डवेअरच्या दुकानातला आणणार. पट्टी खाचेच्या काठाशी आली की ते पातं साच्याचं पोलाद खरवडायला लागतं. शेवटचे दोन-तीन थाऊ रंध्याने काढायचेच नाहीत, स्क्रेपरने काढायचे. हे त्याला करून दाखवा. साल पोलादाच्या बाजूला, तासायच्या त्या आतल्या दोन बाजू, आणि दर थोड्या वेळाने पट्टी उलटायची, हे तर तो जाणतोच.

साच्याबरोबर डेप्थ गेज आणि टेपरच्या वहीची झेरॉक्स गेलीच पाहिजे. गेज एकाला आणि साचा दुसऱ्याला, अशी समान वाटणी करणारे न्यायी लोक दोघांचंही काम बंद पाडतात. चिकटवलेल्या पट्ट्या दोऱ्याने आवळायचा बाइंडर, कॉर्कच्या चकत्या, रेशमी दोरा, काठीचे तुकडे जोडायच्या जर्मन सिल्व्हरच्या फेरूल हे बाकीच्यांत वाटा, तिथे समानता करा हवी तेवढी.

वाटप आणि निरोपाची पार्टी एका दिवशी ठेवू नका. फेणी पोटात गेली की प्रत्येकाला प्रत्येक वस्तू हवी असते. निरोपाला शापोरा नदीच्या काठावर जमा, काठ्या घेऊन. गळाला चोणक मासळी लागली तर लागली.

बांधाबांध सोपी: पाती काढून तेलाचा हात फिरवा, प्लास्टिकमध्ये घाला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद दमट हवा धरतो. विमानाने जात असाल तर पाती हातातल्या बॅगेत नकोत, चेक-इनमध्ये टाका.

नव्या गावी पोचल्या पोचल्या नवा साचा मागवू नका. बाहेरून आणला तर वजनामुळे टपालखर्च आणि वर कस्टम्स ड्यूटी बसते. आधी तिथे कुणाकडे आहे का ते विचारा. नसेलच तर मिलिंगवाल्याकडून करून घ्या. लेथवाला "होऊन जाईल" म्हणेल, त्याच्या नादी लागू नका. आणि पैसे चुकते करण्याआधी त्या खाचेत आपला ६० अंशांचा गेज या टोकापासून त्या टोकापर्यंत बसवून, मागून बॅटरीचा उजेड टाकून बघा. कुठे उजेड दिसला तर परत घासायला सांगा.