पाव किलो मटकी, तीन जेवणं

महिनाअखेरीला भाजीवाल्याकडे जायचं जिवावर येतं तेव्हा डब्यातली मटकी काढा. पाव किलो मटकी सकाळी कोमट पाण्यात भिजत घाला. रात्री पाणी काढून टाका आणि ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवा, खाली ताटली. उन्हाळ्यात सकाळी मोड दिसतात. थंडीत दीड दिवसही लागतो, मग पुरचुंडी तांदळाच्या डब्याशेजारी न ठेवता गॅसजवळच्या उबेला ठेवायची. वास आंबूस यायला लागला तर उशीर झाला. आणि भिजूनही खड्यासारखे राहिलेले दाणे, गणंग, आधीच निवडून टाका. एक दाताखाली आला की सगळी उसळ नावडते.

मोड आल्यावर मटकी दुपटीहून जास्त होते. ती भरपूर पाण्यात, चिमूटभर हळद घालून, नुसती बोटाने दाबली जाईल इतकीच शिजवा. कुकरच्या शिट्ट्या केल्या तर लगदा होतो. हे पाणी मात्र ओतू नका. त्याला जिरं, लसूण, हिंगाची फोडणी, दोन आमसुलं, मीठ-गूळ घातलं की कढण तयार. भातावर घ्या नाहीतर वाटीने प्या.

अर्ध्या मटकीची कांदा, गोडा मसाला घालून उसळ, भाकरीबरोबर. उरलेली फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. तिची दुसऱ्या दिवशी तर्रीदार मिसळ करा. फरसाण नसेल तर शिळ्या पोळीचे तुकडे तव्यावर कडक करून वर चुरा, आमच्याकडे मुलं तेच मागतात.