थायरॉईड कमी असताना मळमळ होत असेल तर

अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉईडचे, काम मंदावले की वजन, थकवा आणि केस गळणे यांची चर्चा घरोघरी होते. मळमळ मात्र ‘पित्त झाले असेल’ एवढे म्हणून सोडून दिली जाते. वस्तुतः या ग्रंथीचे थायरॉक्सिन हे संप्रेरक कमी पडले की जठराची आणि आतड्यांची हालचालही मंदावते, अन्न पोटात रेंगाळते, बद्धकोष्ठता होते आणि त्यातून दोन घासांतच पोट भरणे किंवा उमासे येणे सुरू होऊ शकते. तरीही प्रत्येक मळमळीचे खापर थायरॉईडवर फोडू नये. आधी ती केव्हा होते हे पाहावे.

त्यासाठी आठवडाभर थायरॉक्सिनची गोळी, चहा, जेवण आणि मळमळ यांच्या वेळा वहीत टिपून ठेवाव्यात. जेवणानंतर जडपणासह मळमळत असेल, तर मंद पचनाची शक्यता अधिक असते. गोळीची मात्रा वाढवल्यानंतरच्या आठवड्यांत मळमळीबरोबर धडधड, हातांची थरथर किंवा जुलाब सुरू झाले, तर मात्रा जास्त होत असल्याची शंका घ्यावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा रक्त वाढण्यासाठी लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर मूळ तिथेही असू शकते.

गोळीच्या वेळेबाबत आपल्याकडे सर्वाधिक हयगय होते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर गाडीने ऐरोली किंवा महापेला कामावर जाणारी मंडळी गोळी चहाच्या घोटाबरोबरच घेऊन स्टेशन गाठतात. अशाने औषध नीट शोषले जात नाही, टीएसएच (थायरॉईड कमी पडल्यावर रक्तात वाढणारे संप्रेरक) चढाच राहतो आणि पोटाची मरगळही तशीच राहते. गोळी अनशापोटी, साध्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची काही औषधे यांच्यात व तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. सकाळी रिकाम्या पोटी गोळीनेच मळमळत असेल, तर ती रात्री जेवणानंतर किमान तीन तासांनी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. अर्थात दहा वाजता जेवून अकराला झोपणाऱ्यांना हा उपाय फारसा उपयोगाचा नाही.

मळमळते म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. थायरॉक्सिन शरीरात बरेच दिवस टिकते, त्यामुळे एखादा दिवस चुकल्याने लगेच बिघडत नाही; नेमके याच कारणाने बंद केल्याचे दुष्परिणामही उशिरा जाणवतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून मगच पुढचा निर्णय डॉक्टर घेतात.

तोवर थोडे थोडे, पण वेळेवर खावे. मुगाची मऊ खिचडी किंवा पातळ ताक-भात पोटाला सोसतो. तळलेले पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात, म्हणून वडापाव आणि तर्रीदार मिसळ, ठाणेकरांना कितीही जड गेले तरी, काही दिवस दूर ठेवावी. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. आल्याचा लहान तुकडा चघळल्याने अनेकांना बरे वाटते.

गर्भवतींनी मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये, कारण त्या काळात थायरॉक्सिनची गरज बहुधा वाढते आणि उलटीत गोळी पडून गेली तर मात्रा अपुरी पडते. गोळीनंतर लगेच उलटी होत असल्यास डॉक्टरांना कळवावे. मळमळीसोबत वजन उतरणे, उभे राहताच चक्कर येणे, त्वचा काळवंडणे आणि मीठ खाण्याची ओढ असेल, तर अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल) ग्रंथींची तपासणी आवश्यक ठरते. काही प्रकारच्या थायरॉईडविकारात प्रतिकारशक्ती याही ग्रंथींवर हल्ला करते आणि ती उणीव भरून न काढता थायरॉक्सिन दिल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते. सतत उलट्या, उलटीत रक्त, छातीत दुखणे, किंवा अंग गार पडून गुंगी व असंबद्ध बोलणे सुरू झाल्यास ओपीडीची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.