परसात पेव्हर ब्लॉक टाकताय? आधी ब्लॉक बुडवून बघा, सीलरचं नंतर

आमच्या रो हाऊसच्या मागे दहा बाय बारा फुटांची जागा आहे, तिथे दोन खुर्च्या, तुळस आणि संध्याकाळचा चहा एवढीच अपेक्षा होती, पण पावसाळ्यात नुसता राडा व्हायचा आणि तोच चपलेला लागून घरात यायचा. मग पेव्हर ब्लॉक टाकले. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून पंधरा दिवसांत वरून चकचकीत सीलरही (पाणी आणि डाग अडवायला मारतात तो लेप) मारला आणि पुढच्या जुलैत त्याच्यावर दुधाची साय आल्यासारखे पांढरे डाग पडले. घाई माझीच होती. आता परत करायचं झालं तर कसं करेन ते सांगतो.

ब्लॉक निवडताना

कारखान्यावर गेलात की दोन तऱ्हेचा माल दिसतो. एक रबर मोल्डचा, फरशीसारखा गुळगुळीत आणि चमकणारा, दुसरा मशीनमध्ये दाबलेला, खरखरीत आणि जरा निस्तेज. बायको-मुलं बरोबर असतील तर सगळ्यांचं बोट चमकणाऱ्याकडेच जातं, पण उघड्या जागेत पहिल्या पावसात शेवाळ धरलं की त्यावरच पाय सरकतो, म्हणून खरखरीतच घ्या.

पेव्हर ब्लॉकचं आपल्याकडचं स्टँडर्ड आयएस १५६५८. त्यात नुसतं चालायच्या जागेला एम-३० ग्रेड (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा आकडा) आणि ५० मिमी जाडी चालते, हलकी वाहनं येणार असतील तर एम-३५ आणि ६० मिमी. मी म्हणेन सरळ ६० घ्या, कारण मोकळी जागा दिसली की कोणीतरी स्कूटर आणून लावतंच.

मुख्य टेस्ट पाण्याची. स्टँडर्डप्रमाणे ब्लॉकने सरासरी ६ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायला नको, आणि हे घरी ढोबळ बघता येतं. सॅम्पलचे दोन-तीन ब्लॉक मागून आणा, तीन दिवस कडक उन्हात वाळवा, किचनच्या काट्यावर वजन करा, चोवीस तास बादलीत बुडवा, पुसून परत वजन करा. आठ बाय चार इंचाचा ६० मिमीचा ब्लॉक साधारण पावणेतीन किलो भरतो, म्हणजे वाढ १६५ ग्रॅमच्या आत हवी. लॅबमध्ये ओव्हनमध्ये वाळवतात, उन्हात तेवढा कोरडा होत नाही, त्यामुळे खरं पाणी आपल्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच असणार, आणि घरीच जर दोनशे-अडीचशे ग्रॅम निघाले तर तो माल तिथेच सोडून द्या, कितीही स्वस्त देऊ देत.

एक ब्लॉक फोडूनही बघा. रंग वरच्या थरातच असतो, तो थर पाव इंच तरी हवा, आणि आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं नकोत. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज यावा, भद्द आला तर समजून जा. सगळा माल एकाच लॉटचा घ्या, पाच-सात टक्के जास्त घ्या, आणि लावताना तीन-चार थप्प्यांमधून आलटून पालटून उचला म्हणजे रंगाचे पट्टे पडत नाहीत.

खालचं काम

खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर थेट काही टाकलं तर दुसऱ्या वर्षी ब्लॉक दात पडल्यासारखे खालीवर होतात. साध्या जमिनीत दहा इंच खणा, काळ्या मातीत पंधरा. मुरूम सहा इंच, तोही एकदम नाही, तीन-तीन इंचाचे दोन थर, पाणी शिंपडून धुम्मसने किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकून (मिस्त्री म्हणेल पाऊस पडला की आपोआप बसतो, ऐकू नका). आमच्या १२० स्क्वेअर फुटांना ठोकलेला सहा इंच थर म्हणजे ६० घनफूट, सुटा मुरूम पाऊण ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) मागवावा लागतो. जास्त खणलंत तर त्या हिशोबाने जास्त. उतार घराच्या उलट दिशेला, फुटाला पाव इंच, म्हणजे दहा फुटात अडीच इंच, आणि तो मुरमातच काढायचा, वरच्या वाळूत नाही. कडेला कर्ब किंवा काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर कडेचे ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात.

त्यावर दीड इंच क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. इथे माझ्याकडे खडीची डस्ट टाकली होती, स्वस्त पडते, पण बारीक भुकटी पाणी धरून ठेवते, ते पाणी ब्लॉकमधून वर येतं आणि वर सीलरची फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रा असेल तर तिच्याखाली अडकतं. माझी साय तिथूनच आली.

सांधे दोन ते चार मिमी ठेवा आणि कोरडी बारीक वाळू झाडूने सारून भरा, परत ठोका, परत भरा. सांध्यात सिमेंट पेरून वरून पाणी मारायची मिस्त्री लोकांना फार हौस असते. करू देऊ नका, सिमेंटचे डाग ब्लॉकवर बसले की निघत नाहीत.

आता थांबायचं

नव्या ब्लॉकवर पांढरी पूड येते, त्याला खार फुटणं म्हणतात. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा पडतो. ब्लॉक खराब आहे असं नाही, पण सीलर मारला तर हा पांढरेपणा खाली कोंडला जातो. निदान दोन-तीन महिने जाऊ द्या, मी तर म्हणतो एक पावसाळा जाऊ दे आणि डिसेंबर-जानेवारीत सीलर मारा. तोवर कोरड्या कडक ब्रशने घासत राहा. ॲसिड शक्यतो नकोच, रंग उडतो, आणि शेवाळ काढायला ब्लिचिंग पावडर वापरली असेल तर त्याच्या जवळपासही ॲसिड आणू नका, दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू होतो.

सीलर लागतोच का? साधा ग्रे ब्लॉक असेल तर नाही लागत, पैसे वाचवा. पण रंगीत ब्लॉक असतील, वर जांभळाचं झाड असेल, तुळशीपुढच्या दिव्याचं तेल सांडत असेल तर उपयोग होतो. दुकानात अॅक्रिलिकचा ओला-चमकदार लूकवाला पुढे करतात, तो वर फिल्म धरतो आणि पावसात घसरडाही होतो. सायलेन-सिलॉक्सेनचा मागा, तो आत मुरतो, दिसत काहीच नाही, पाणी बाहेर ठेवतो आणि खालची वाफ जाऊ देतो. तेलाच्या डागांचाच त्रास असेल तर डब्यावर तेलालाही चालतो असं लिहिलंय का बघा, सगळे तेल अडवत नाहीत.

धुऊन तीन दिवस कडक कोरडं होऊ द्या. मग थेंबभर पाणी टाका, काही मिनिटांत जिरलं तर सीलरही जिरेल. दव सुकल्यावर, नऊ-साडेनऊला सुरू करा, भर उन्हात नको. आधी कुंडीखाली झाकला जाईल अशा एका ब्लॉकवर ट्रायल. झाडांवर प्लास्टिक टाका, मास्क घाला, फवारणीच्या पंपाने किंवा रोलरने पातळ हात मारा आणि दहा मिनिटांनी जे डबकं राहील ते ब्रशने पसरवा. लिटरला तीस-चाळीस स्क्वेअर फूट धरले तर माझ्या जागेला एका हाताला तीन-चार लिटर, पण डब्यावरचा आकडा बघा. दुसरा हात कधी मारायचा तेही प्रत्येकाचं वेगळं, काहींना पहिला ओला असतानाच लागतो. चोवीस तास चालू नका, कुंड्या दोन-तीन दिवसांनी ठेवा. दोन-तीन वर्षांनी परत थेंब टाकून बघा, पसरून काळा डाग पडायला लागला की परत हात द्यायचा.

माझा सॉल्व्हंटवाला, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारा अॅक्रिलिक होता, म्हणून डिसेंबरात कोरड्या दिवशी वरून झायलीन थिनर रोलरने फिरवलं, फिल्म मऊ होऊन आतली ओल निघाली आणि बराचसा पांढरेपणा गेला. नळाखालचा दोन फुटांचा तुकडा तसाच आहे, तिथे मोगऱ्याची कुंडी ठेवलीय.