डेलियाची रोपं कोलमडू नयेत म्हणून

डेलियाचं बी उगवतं झकास, पण लगेच काही रोपं बुडापाशी काळी पडून आडवी होतात. बहुतेक वेळा वरून घातलेलं पाणी नडतं.

पाऊस ओसरला की, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तळाला भोकं पाडलेल्या आइस्क्रीमच्या डब्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी वाळू भरा. बी चपटं, काळपट असतं. अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. डबा पाणी घातलेल्या ताटात ठेवा, वरचा थर ओलसर दिसला की लगेच उचला. झारी नकोच. आठवडाभरात कोंब दिसू लागतात. खऱ्या पानांच्या (म्हणजे पहिली बीजदलं सोडून नंतर येणाऱ्या पानांच्या) दोन जोड्या आल्या की कुंडीत हलवा; चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. खुडायला जीव होत नाही, पण फुटवे भरपूर येतात.

आवडत्या फुलाचं बी धरलं तरी तोच रंग मिळेल असं नाही. तोच हवा असेल तर कंदच जपा.