ऑनलाइन खेळातले भिडू: ओळख झाल्यावर गट कसा टिकवायचा

ऑनलाइन खेळात भिडू मिळणं सोपं. बटण दाबलं की लॉबीत चार जण जमतात, डाव संपला की पांगतात. त्यातलेच दोन-तीन जण पुढच्या महिन्यातही, अगदी गेम बदलल्यावरही सोबत असावेत असं वाटत असेल, तर थोडी मांडामांड करावी लागते. कोण किती चांगलं खेळतं, याला त्यात फारशी किंमत नाही. एकाच खेळाची आवड असलेले गट खेळावरून क्वचितच फुटतात. बहुतेक गट विरतात ते ‘कधी खेळायचं’ हे कोणीच ठरवत नाही म्हणून.

कोणाला विचारायचं

दिसेल त्याला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवू नका. एखाद्यासोबत दोन-तीन डाव होऊ द्या आणि हरत असताना तो कसा वागतो ते बघा. शत्रू दिसल्यावर खूण करतो का, पडलेल्या भिडूला उठवायला मागे येतो का, डाव हातचा गेल्यावरही शेवटपर्यंत थांबतो का? जिंकताना सगळेच गोड बोलतात, त्यावरून काही कळत नाही.

रिक्वेस्ट डाव संपल्या संपल्या पाठवा. दुसऱ्या दिवशी त्याला तुमचं नाव आठवणार नाही आणि अनोळखी रिक्वेस्ट म्हणून ती तशीच पडून राहील. सोबत एक ओळ लिहा, आणि ती नेमकी असू द्या: ‘पुलाकडून मस्त वळसा घेतलास. उद्या याच वेळी दोन डाव टाकतोय, येणार का?’ यात काय आवडलं, कधी खेळायचं आणि किती वेळ, हे तिन्ही येतं. नुसतं ‘हाय’ आलं की समोरच्याला काय उत्तर द्यावं तेच कळत नाही. उत्तर आलं नाही तर आणखी एकदा विचारा आणि विषय सोडून द्या. खरं नाव, वय, गाव, फोटो हे स्वतःहून विचारू नका. ज्याला सांगायचं असतं तो गप्पांच्या ओघात सांगतो.

संख्या किती असावी

गेम चौघांचा असेल तर गटात सहा-सात जण हवेत. प्रत्येक जण तीनपैकी दोन वेळा येतो असं धरलं, तरी सात जणांतून सरासरी चार-पाच जण जमतात. गटच चौघांचा ठेवला तर एकाचा कार्यक्रम निघाला की सगळ्यांची संध्याकाळ फुकट जाते. असं दोन-तीनदा झालं की उरलेलेही यायचे थांबतात.

पाचवा आला तर काय करायचं, हे मात्र आधी ठरवून ठेवा. दर दोन डावांनी एकानं पाळीनं बाहेर बसायचं, हा सगळ्यांत कमी कुरकुरीचा मार्ग. बाहेर बसलेल्यानं व्हॉइसमध्येच (आवाजी गप्पांत) थांबायचं आणि कोणीतरी त्याला स्क्रीन शेअर करायची, म्हणजे तो गप्पांतून तुटत नाही. गर्दी जास्त असेल त्या दिवशी चौघांच्या गेमचा हट्ट सोडा. ‘अमंग अस’सारख्या गेममध्ये 4 ते 15 जण मावतात.

अड्डा मांडताना

बहुतेक गट डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमतात. दहा जणांपर्यंत साधा ग्रुप डीएम (खासगी निरोपांचा गट) पुरतो, कारण त्याची मर्यादाच दहाची आहे. त्यापुढे गेलात, किंवा गप्पा आणि बेत एकमेकांत हरवायला लागले, तर सर्व्हर, म्हणजे वेगवेगळे चॅनल असलेला गटाचा स्वतःचा अड्डा, काढा.

नवीन सर्व्हर काढणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे पहिल्याच दिवशी वीस चॅनल उघडणं. सात माणसं वीस चॅनलांत विखुरली की प्रत्येक चॅनल ओस दिसतो आणि ओस जागी लिहायला कोणी धजत नाही. सुरुवातीला चार पुरेत: गप्पा, बेत, स्क्रीनशॉट आणि एक व्हॉइस. ‘बेत’मध्ये फक्त कधी आणि काय खेळायचं एवढंच. बाकी चॅनल मागणी झाल्यावरच. गप्पांमध्ये एकच विषय सलग आठवडाभर चालला, मग तो मॉडचा (गेममध्ये चाहत्यांनी केलेल्या बदलांचा) असो, गेमच्या संगीताचा किंवा चित्रांचा, तर त्याला स्वतंत्र चॅनल द्यायची वेळ आली असं समजा.

सेटिंग्जमधल्या काही गोष्टी त्याच दिवशी उरकून घ्या. आमंत्रणाची लिंक साधारणपणे सात दिवसांत संपते. ती कायमची करू नका, आणि ती किती जणांना वापरता येईल तेही ठरवून द्या. ‘एव्हरीवन’ला हाक मारायची, म्हणजे सगळ्यांना एकदम सूचना पाठवायची, परवानगी सगळ्यांकडून काढून दोघांपुरती ठेवा, नाहीतर रात्री दोन वाजता कोणाच्या तरी मीममुळे सगळ्यांचे फोन वाजतील. एएफके चॅनल (जागेवर नसलेल्यांना हलवायचा चॅनल) नेमून वेळ पाच किंवा पंधरा मिनिटांची ठेवा, म्हणजे माइक चालू ठेवून झोपलेला माणूस आपोआप बाजूला जाईल.

आवाजाच्या तक्रारी बहुतेक वेळा तीनच असतात. आपलाच आवाज परत ऐकू येतोय म्हणजे कोणीतरी हेडफोनऐवजी स्पीकर वापरतंय. एकेकाला पाळीनं म्यूट करत गेलात की कोण ते लगेच सापडतं. कीबोर्डचा खडखडाट येत असेल तर त्या भिडूनं पुश-टू-टॉक (बटण दाबलं तरच माइक चालू) लावावं, किंवा आवाज पकडायची पातळी स्वयंचलित न ठेवता हातानं वर न्यावी. आणि एकाचा आवाज बारीक, दुसऱ्याचा कानठळ्या बसवणारा असेल, तर प्रत्येकाच्या नावावर राइट क्लिक करून आपल्यापुरता आवाज कमी किंवा 200 टक्क्यांपर्यंत जास्त करता येतो. त्यासाठी समोरच्याला ओरडायची गरज नाही.

गटात न बोलणारा एक तरी असतोच. घरात माणसं झोपलेली असतात, माइक बिघडलेला असतो किंवा नुसता संकोच असतो. त्याला ‘बोल ना रे’ म्हणून डिवचू नका. तो टाइप करतो ते कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि त्याच्या विनोदावर हसायचं, एवढं केलं तरी तो गटात मुरतो.

वेळ ठरवणं

‘कधी जमतंय सगळ्यांना?’ हा प्रश्न गटावर टाकू नका. त्याला सात उत्तरं येतात आणि त्यातून काहीच ठरत नाही. त्याऐवजी वार आणि वेळ ठरवून टाका: दर गुरुवारी, दोन तास, जेवढे येतील तेवढ्यांत. तिघे आले तरी खेळ होणारच, हे एकदा सगळ्यांना कळलं की हजेरी आपोआप सुधारते. रद्द करण्यापेक्षा दोघांत खेळणं बरं, कारण लागोपाठ दोनदा रद्द झालं की गुरुवार कोणाच्याच डोक्यात राहत नाही.

संपायची वेळही सांगा. ‘शेवटचा डाव’ म्हणून आणखी पाच डाव रेटले की दुसऱ्या दिवशी कामाला किंवा कॉलेजला जाणारे हळूहळू यायचेच बंद होतात, आणि कारणही सांगत नाहीत.

भिडू वेगवेगळ्या देशांत असतील तर वेळ शब्दांत लिहू नका. डिस्कॉर्डच्या इव्हेंटमध्ये टाका. तिथे ती प्रत्येकाला आपापल्या घड्याळानुसार दिसते आणि दर आठवड्याला पुन्हा येईल असंही लावता येतं. तरीही वर्षातून दोनदा गोंधळ होतो. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. मार्चमधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या एका आठवड्यात अमेरिका आणि युरोपातल्या भिडूंच्या घड्याळांमधलं अंतर तासाभरानं बदललेलं असतं. काही देशांत घड्याळं हलतच नाहीत, त्यामुळे त्यांना हा फरक अर्धं वर्ष जाणवतो. त्या सुमाराला ‘बेत’मध्ये आठवण टाका आणि वेळ कोणाच्या घड्याळानं धरायची हे ठरवून ठेवा.

काय खेळायचं

खेळांचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी 1996 साली खेळाडूंचे चार स्वभाव मांडले होते: टप्पे आणि बक्षिसं मिळवणारे, जग धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यावर मात करण्यात मजा मानणारे. माणसं इतक्या नीट खणांत बसत नाहीत, पण गट जमवताना हे ध्यानात ठेवावं. धुंडाळणारा प्रत्येक गुहेत शिरतो आणि टप्पे मोजणारा दारात उभा राहून ‘चला’ म्हणत राहतो. दोघांनाही तोच गेम आवडतो, तरी दोघं वैतागतात. अशा वेळी एक गुरुवार मोहिमेचा आणि एक नुसत्या भटकंतीचा, असं वाटून घ्या.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: कोणाकडे कोणतं यंत्र आहे आणि गेम त्यावर एकमेकांसोबत चालतो का. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आणि बेडरॉक या दोन आवृत्त्या थेट एकमेकांशी जोडता येत नाहीत, मोबाइल आणि कन्सोलवर बेडरॉकच असतं. अर्ध्या गटानं एक आणि अर्ध्यानं दुसरी घेतली तर पैसेही जातात आणि मूडही. सगळ्यांना गेम घेणं जमत नसेल तर स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपवरचं रिमोट प्ले टुगेदर बघा. एकाच पडद्यावर मिळून खेळता येणारा गेम एकाकडे असला तरी बाकीचे त्यात सामील होतात. चित्र यजमानाच्या यंत्रावरून सगळ्यांकडे जातं, म्हणून ज्याचा अपलोड वेग सर्वांत चांगला त्यानंच यजमान व्हावं.

नेमबाजीच्या गेममध्ये पिंग (तुमची कृती गेमपर्यंत जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) 100 मिलिसेकंदांच्या वर गेला की खेळाडूला आपण हरतोय की नेट, तेच कळेनासं होतं. शेती, बांधकाम, कोडी अशा गेममध्ये 200 पर्यंत सहज चालतं. दूरदूरचे भिडू असतील तर याच जातीचे गेम निवडा.

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम मैत्रीसाठी उत्तम, पण त्याच्या खोडी माहीत हव्यात. खेळातला पूर्ण दिवस सुमारे 14 मिनिटांचा असतो, म्हणजे तासाभरात चार दिवस होतात. अनेक जण मिळून खेळताना एकानं मेनू उघडला म्हणून वेळ थांबत नाही. सेव्ह फक्त सगळे झोपून दिवस संपल्यावरच होतं. यजमानाचा गेम दुपारी बंद पडला तर त्या दिवसाची सगळ्यांची मेहनत गेली. म्हणून ‘हा शेवटचा दिवस’ असं दिवस सुरू होतानाच जाहीर करायचं आणि झोपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पैसे सामाईक ठेवायचे की वेगळे, हेही पहिल्याच बैठकीत ठरवा. सामाईक खात्यातून एकानं न विचारता महागडी वस्तू घेतली, इथूनच रुसवेफुगवे सुरू होतात.

‘माइनक्राफ्ट’मध्ये मूळ नियमानुसार सगळे झोपल्याशिवाय रात्र सरत नाही. एक जण खाणीत अडकलेला आणि पाच जण पलंगावर त्याच्या नावानं बोटं मोडत बसलेले, हे नको असेल तर झोपणाऱ्यांच्या टक्केवारीचा गेमरूल (जगाचा बदलता येणारा नियम) 100 वरून खाली आणा. स्वतःचा माइनक्राफ्ट सर्व्हर असेल तर व्हाइटलिस्ट (फक्त ठरलेल्या खेळाडूंना आत घेणारी यादी) पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

अशा सगळ्या कायम चालणाऱ्या जगांमध्ये एक धोका सारखाच असतो. एकाकडे रिकामा वेळ भरपूर असतो, तो रोज खेळतो आणि पुढच्या गुरुवारी बाकीचे येतात तेव्हा सगळं बांधून, सगळे राक्षस मारून झालेलं असतं. त्याचा हेतू वाईट नसतो, पण इतरांना करायला काही उरत नाही. नियम साधा ठेवा: एकट्यानं सामान गोळा करावं, घर सजवावं, पण नवा टप्पा सगळे असतानाच ओलांडायचा. ज्याला राहवत नाही त्यानं स्वतःचं वेगळं जग उघडावं.

भांडण झालं तर

हरल्यावर लगेच चुका काढू नका. पाणी पिऊन या, पाच मिनिटं दुसरं काही बोला, मग सांगा. आणि सांगताना ‘तू चुकलास’ऐवजी ‘पुढच्या वेळी आधी दार धरूया’ असं पुढचं बोला. कोणाची थट्टा टोचतेय असं वाटलं तर थट्टा करणाऱ्याला डीएममध्ये सांगा. चारचौघांत सुनावलं की तो बचावाला उतरतो आणि सगळ्यांना बाजू घ्यावी लागते. दोघे ॲडमिन ठेवा, म्हणजे एक स्वतः भांडणात असेल तेव्हा दुसरा निर्णय घेऊ शकेल. वातावरण फारच तापलं तर डिस्कॉर्डवर एखाद्याला दहा मिनिटांचा टाइमआउट देता येतो, म्हणजे तेवढा वेळ त्याला गप्पांत भाग घेता येत नाही. बंदी घालण्यापेक्षा तो बरा, कारण त्यातून परत यायला वाट राहते.

मित्राच्या नावानं येणारी फसवणूक

गटात विश्वास असतो, म्हणूनच चोर तिथे शिरतात. मित्राचं खातं चोरलं जातं आणि त्याच्या नावानं निरोप येतो: ‘माझा गेम बनवलाय, खेळून बघ’, ‘आमच्या टीमला मत दे’, ‘चुकून तुझी तक्रार केली, या माणसाशी बोल’. पहिल्यातली फाइल पासवर्ड चोरते, दुसऱ्यातलं पान खोटं लॉगिन दाखवतं, तिसऱ्यातला ‘अधिकारी’ नकली असतो. कोणी पाठवलेला क्यूआर कोड डिस्कॉर्डच्या ॲपनं स्कॅन करणं म्हणजे खात्याची किल्ली हातात देणं. उपाय एकच: मित्राला व्हॉइसवर बोलवा. चोर सहसा बोलायला येत नाही. प्रत्येकानं टू-फॅक्टर (पासवर्डसोबत आणखी एक कोड मागणारी सोय) चालू ठेवावं आणि खातं कोणालाही, अगदी जवळच्यालाही, खेळायला देऊ नये. डिस्कॉर्डसाठी किमान वय 13 आहे, काही देशांत त्याहून जास्त. गटात लहान मुलं असतील तर त्यांच्याशी खासगी डीएमऐवजी सगळ्यांसमोरच्या चॅनलमध्येच बोला.

कोणी यायचं थांबलं तर

परीक्षा, नोकरी, घरातलं बाळ अशा कारणांनी माणसं गळतात. त्यांना सर्व्हरवरून काढू नका. महिन्याभरानं एक निरोप टाका, पण ‘कुठे गायब?’ असा जाब विचारणारा नको. त्यांच्या जुन्या घराचा स्क्रीनशॉट पाठवून ‘छप्पर गळतंय, गुरुवारी ये’ म्हणा. आला तर त्याला काय बदललंय ते दोन मिनिटांत सांगा आणि हलकं काम द्या.

मालकच रजा घेणार असेल तर डिस्कॉर्ड सर्व्हरची मालकी आधी दुसऱ्याकडे सोपवा. सेटिंग्जमध्ये सदस्याच्या नावापुढे तो पर्याय मिळतो. आणि भाड्याच्या सर्व्हरवरचं माइनक्राफ्टचं जग बंद करायची वेळ आली तर सर्व्हर थांबवा, जगाचा फोल्डर उतरवून घ्या, झिप करा आणि सगळ्यांना द्या. जावा आवृत्तीत तो ‘सेव्हज’ फोल्डरमध्ये टाकला की एकट्यालाही उघडता येतो. मॉड वापरले असतील तर त्यांची यादी, आवृत्तीच्या आकड्यांसकट, त्याच झिपमध्ये ठेवा.